कोलाच्या जमिनीवरचे घर

नायजर नदीच्या पूर्व काठावर ओनित्शा नावाचे बाजाराचे शहर आहे. त्या शहरात व्हेन रोडवर एक घर होते आणि त्या घरावरून एका पुतण्याने आपल्या चुलतीला कोर्टात खेचले. नायजेरियाच्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘मोजेक्वू विरुद्ध मोजेक्वू’ म्हणून नोंदला आहे. दोन्ही बाजूंना एकच आडनाव. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टाच्या बाकावर कधी तासभर बसलेल्या माणसाला एवढ्यावरून पुढचे कळते. भाऊबंदकी.

काकाला दोन बायका होत्या. त्यांतली एक पुढे प्रतिवादी झाली. तिला एक मुलगा होता आणि मुली होत्या. काका वारला. मुलगा बियाफ्राच्या (नायजेरियातून वेगळ्या होऊ पाहणाऱ्या इग्बो प्रदेशाच्या) युद्धात, म्हणजे १९६७ ते १९७० या तीन वर्षांच्या होरपळीत, गेला आणि वंशाला मुलगा न ठेवता गेला. घरात उरल्या त्या सगळ्या बायका. मग पुतण्या उभा राहिला. आम्ही मूळचे न्नेवी गावचे, आमच्या गावची रूढी ‘ओली-एक्पे’. ज्याला मुलगा नाही त्याची मिळकत भावाकडे जाते, भाऊ नसेल तर भावाच्या मुलाकडे. भाऊ नाही, मी आहे. तेव्हा घर माझे.

त्या कुटुंबातल्या माणसांची नावे निकालपत्रात आहेत, पण मी ती इथे वापरत नाही. काका, चुलती, पुतण्या एवढे पुरे, कारण हा खटला नात्यांवरच लढला गेला. प्रत्येक पायरीवर कोर्ट एकच विचारत होते: मेलेल्या माणसाचा हा कोण लागतो?

दोन बायका कशासाठी

इग्बो लोक आग्नेय नायजेरियातले. न्नेवी आणि ओनित्शा ही दोन्ही गावे आजच्या अनाम्ब्रा राज्यात, एकमेकांपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. न्नेवी म्हटले की आज लोकांना मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा आठवतो आणि बियाफ्राचा नेता ओजुक्वू आठवतो. त्याचे मूळ गाव हेच.

जुन्या इग्बो घराची मांडणी डोळ्यासमोर आणली की बहुपत्नीत्वाचे गणित आपोआप समजते. मध्ये पुरुषाची खोली, तिला ‘ओबी’ म्हणतात. तिच्या मागे प्रत्येक बायकोची वेगळी झोपडी आणि वेगळी चूल. चुलीला ‘उसेक्वू’ म्हणतात, आणि हा शब्द नुसता स्वयंपाकाचा नाही. अनेक भागांत बापाच्या पश्चात वाटण्या होत त्या चुलीप्रमाणे. एका आईची मुले म्हणजे एक चूल, त्या चुलीतला थोरला मुलगा तिच्या वतीने बोलणारा. आपल्याकडे ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे कुटुंब विभक्त झाले. तिथे चुली पहिल्या दिवसापासून वेगळ्याच, फक्त छप्परमालक एक.

याचा एक परिणाम बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चुलीत मुलगा नसला तर वाटणीच्या दिवशी त्या चुलीच्या वतीने बोलायला माणूस नसतो. म्हणजे सवती-सवतींतली चढाओढ नवऱ्याच्या प्रेमासाठी जेवढी, त्याहून जास्त मुलासाठी. आणि नवऱ्याच्या बाजूने पाहिले तर एका बायकोला मुलगा नाही, मग दुसरी करा, हे जणू विम्याचा दुसरा हप्ता भरण्यासारखे. इग्बो मुलांची नावेच ऐका. ओबिएचिना, म्हणजे ‘ओबी बंद न पडो’. आहामेफुला, म्हणजे ‘माझे नाव न हरवो’. हे बापाने मुलाच्या कपाळी लिहिलेले गाऱ्हाणे आहे. आपण हेच गाऱ्हाणे उलट्या बाजूने लिहितो. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ नावाच्या शेकडो मुलींची नावे समारंभ करून बदलावी लागली होती.

अर्थात बायका करण्याला दुसरेही कारण होते, आणि ते लपवलेले नव्हते. शेती. याम हे कंद पुरुषांचे पीक, मानाचे. कोठारात रचलेले याम म्हणजे माणसाची पत. पण त्या शेतातली खुरपणी, अळूच्या जातीचे कंद, पुढे पोर्तुगिजांमार्फत आलेला कसावा, बाजारहाट, पोरांची पोटे, हे सगळे बायकांकडे. अधिक बायका म्हणजे अधिक हात, अधिक शेत, अधिक पत. बायको स्वतःच्या पोरांचे बरेचसे स्वतः भागवी. नवऱ्याला ती महाग पडायची ती लग्नाच्या दिवशी, वधूमूल्य मोजताना. त्यानंतर नाही.

मुंबईचा एक संदर्भ इथे आठवल्यावाचून राहत नाही. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला आणि तो १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे तपासला गेला: नरसू आप्पा माळी यांचा खटला, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर. हिंदूला मोक्षासाठी मुलगा लागतो, म्हणून दुसरी बायको हा धर्माचाच भाग, असा मुद्दा तिथे आला होता. छागलांनी तो एका वाक्यात परतवला: ज्या धर्माला मुलगा हवा, त्याच धर्माने दत्तकही दिला आहे. न्नेवीच्या रूढीकडे अशी पळवाट होती का? होती, आणि फारच विलक्षण होती.

मुलगा ‘करण्याच्या’ रीती

पहिली रीत ‘न्राची’. घरात मुलगा नसेल तर बाप एका मुलीला लग्न करून देत नाही. विधी करून तिला घरातच ठेवतो. तिला कोणापासून का होईना मूल होते, आणि ते मूल तिच्या बापाचे वारस ठरते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली ‘पुत्रिका’ ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन ओळखीचे वाटेल. निपुत्रिक बापाने लग्नाच्या वेळीच सांगायचे की हिला होणारा मुलगा माझे श्राद्ध करील. फरक एवढाच की पुत्रिकेला नवरा मिळतो. न्राची केलेल्या मुलीला तोही नाही. ती बापाच्या घराची खुंटी बनते, आणि खुंटीला कोणी विचारत नाही.

दुसरी रीत युरोपियन पाहुण्यांना सर्वांत चक्रावून टाकणारी: बाईने बायको करणे. मूल नसलेली किंवा पैसा राखून असलेली बाई स्वतः वधूमूल्य मोजून एक मुलगी घरात आणते. त्या मुलीला परपुरुषापासून झालेली मुले या बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या नावाने वाढतात. कारण इग्बो रूढीत मूल कोणाचे, हे रक्तावरून ठरत नाही. वधूमूल्य कोणी मोजले यावरून ठरते. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ मध्ये असा एक वाद आला. न्यायमूर्तींनी निकाल देताना फार सांभाळून पाऊल टाकले. बाईने बाईशी केलेले लग्न म्हणून आम्ही याला मान्यता देत नाही, तिने आपल्या नवऱ्यासाठी दुसरी बायको आणून दिली असे आम्ही मानतो, असा त्यांचा सूर होता. मला हे वाचताना नेहमी वाटते की कोर्टाने रूढी वाचवली खरी, पण तिच्यातली सर्वांत धीट गोष्ट पुसून टाकली. पैसा मोजणारी बाई ‘नवरा’ होऊ शकते, म्हणजे त्या समाजात नवरेपण ही एक जागा होती, आणि ऐपत असेल तर त्या जागेवर बाईही बसू शकत होती.

तिसरी रीत आपल्याला खेड्यापाड्यांत अगदीच परकी नाही. विधवेला दिराने किंवा भाऊबंदांतल्या कोणी ठेवून घ्यायचे.

या तीनही रीतींत बाई कामाला येते, वारस होत नाही. न्राचीत ती वारसाची आई, दुसरीत वारस विकत आणणारी, तिसरीत वारसासकट हस्तांतरित होणारी. मोजेक्वूंच्या घरात यांपैकी काहीच झाले नव्हते. चुलतीने मुलगा जन्माला घातला होता, रूढीची अट पुरी केली होती. तो मुलगा युद्धात गेला आणि तिचे खाते पुन्हा शून्यावर आले. रूढीच्या हिशेबात मेलेल्या मुलाचे व्याज मिळत नाही.

माहेरी वाघीण

इथपर्यंत वाचून इग्बो बाई म्हणजे दाबली गेलेली, असे चित्र कोणी काढले तर ते चुकेल. घराण्यातल्या लेकींना ‘उमुआदा’ म्हणतात, आणि त्या एकत्र आल्या की भले भले गप्प बसतात. लग्न होऊन गेलेल्या असोत, म्हाताऱ्या असोत, माहेरच्या मयताला त्यांच्यावाचून पुढचे काही हलत नाही. भावाभावांच्या भांडणात त्या निवाडा देतात. भावजय उद्धट असली तर तिला वठणीवर आणतात. आपल्याकडच्या आत्याबाईचा रुबाब शंभरपटीने वाढवा आणि त्याला संघटना जोडा, म्हणजे उमुआदा. ओनित्शात तर ‘ओमू’ नावाची बायकांची मुखिया असे आणि बाजारावर तिचा हुकूम चाले.

१९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावी ब्रिटिशांच्या वतीने माणसे-गुरे मोजायला माणूस फिरू लागला. बायकांवर कर बसणार ही बातमी पसरली आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांनी सरकारनियुक्त मुखियांच्या दारात बसून गाणी म्हटली, नाचल्या, त्यांच्या अधिकाराच्या टोप्या मागितल्या. ‘पुरुषावर बसणे’ ही त्यांची जुनीच शिक्षा होती: बायकोला मारणाऱ्याच्या दारात रात्रभर ठिय्या द्यायचा, त्याची अब्रू काढणारी गाणी म्हणायची. इंग्रजांनी त्याला दंगल म्हटले आणि गोळ्या घातल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. इग्बो लोक त्याला ‘ओगू उमुन्वान्यी’ म्हणतात, बायकांचे युद्ध.

म्हणजे माहेरच्या भांडणात निवाडा देणारी बाई, पण माहेरच्या भिंतीत तिचा एका विटेचा वाटा नाही. सासरी तिची चूल आहे, पण चुलीखालची जमीन मुलाच्या नावावर. अधिकार भरपूर आणि मालकी शून्य. मोजेक्वूंच्या चुलतीची अडचण नेमकी या फटीत होती, आणि काकाला बायको एक असती की दोन, याने त्यात काही फरक पडला नसता.

हेच घर कानोत असते तर

आता नकाशावर बोट उत्तरेकडे सरकवू. कानो, हौसा लोकांचे शहर, मालिकी पंथाचा इस्लामी कायदा. उत्तर नायजेरियात वारसा, लग्न, तलाक याबाबत हा कायदा फार जुना, आणि १९६० पासून त्यासाठी वेगळे शरियत अपील न्यायालयही आहे. तिथेही एका पुरुषाच्या दोन बायका ही रोजची गोष्ट. पहिलीला ‘उवरगिदा’ म्हणतात, घराची आई. नवीला ‘अमर्या’, नवरी. आणि सवतीला ‘किशिया’. हा शब्द ‘किशी’वरून आला, म्हणजे मत्सर. सवतीमत्सर हा आपला जोडशब्द त्यांनी एका शब्दात उरकला आहे.

इथले बहुपत्नीत्व मात्र वेगळ्या खांबांवर उभे आहे. कुराणातल्या चौथ्या सुरेत, अन-निसामध्ये, चारपर्यंत बायका करायची मुभा आहे. तिसरी आयत पोरक्यांच्या संदर्भात सुरू होते, आणि परंपरेने ती उहुदच्या लढाईनंतरच्या विधवा-पोरक्यांच्या काळाशी जोडली जाते. त्याच आयतीत अट आहे: सगळ्यांना समान वागवता येणार नाही अशी भीती असेल तर एकच. पुढे १२९ व्या आयतीत म्हटले आहे की कितीही मनापासून ठरवले तरी बायकांत पूर्ण समानता तुम्हाला जमणार नाही. या दोन आयती एकत्र वाचून ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केले. उत्तर नायजेरियातल्या उलेमांनी तसे वाचलेले नाही.

कामाची विभागणीही उलटी. हौसा घरांत ‘कुल्ले’ म्हणजे पडदा. बायको शेतात जात नाही, तिचे खाणेपिणे, कपडालत्ता, निवारा हा नवऱ्याचा कायदेशीर बोजा. ती घरातून धंदा करते, पदार्थ बनवून मुलांकरवी विकायला पाठवते, आणि तो पैसा तिचा स्वतःचा. म्हणजे नियमाप्रमाणे पाहिले तर इथे प्रत्येक नवी बायको नवऱ्याचा खर्च वाढवते. प्रत्यक्षात खर्च झेपत नसतानाही लग्ने होतातच. २०१७ मध्ये कानोचे तेव्हाचे अमीर, म्हणजे पारंपरिक राजे, सनुसी यांनी ऐपत नसलेल्या पुरुषांना दुसरे लग्न करता येऊ नये असा कायदा सुचवला होता. अमीर स्वतः बहुपत्नीक; तेव्हा त्यांचा रोख बायकांच्या संख्येवर नव्हता, रिकाम्या ताटांवर होता.

पण आपला प्रश्न घराचा. मोजेक्वूंचे कुटुंब कानोतले मुसलमान कुटुंब असते तर? थोडी गृहीते धरू. दोन मुली, दोघी याच चुलतीच्या; मुलगा मूलबाळ नसताना गेला; काकाचे आईबाप आणि भाऊ आधीच गेलेले. काका वारला तेव्हा मुलगा हयात होता, म्हणून हिशेब दोन टप्प्यांत करावा लागतो. घराचे ९६ भाग करू. (शहाण्णव हा आकडा कुळीचा म्हणून घेतलेला नाही, अपूर्णांक जुळतात म्हणून घेतला आहे.)

काकाच्या मृत्यूनंतर बायकांचा मिळून आठवा हिस्सा, म्हणजे १२ भाग. बायका दोन, म्हणून प्रत्येकीला ६. उरले ८४. त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट: मुलाला ४२, दोन्ही मुलींना २१-२१. पुढे मुलगा मेला, तेव्हा त्याचे ४२ भाग पुन्हा वाटायचे. आईला सहावा हिस्सा, ७. दोन बहिणींना दोन तृतीयांश, २८. उरलेले ७ जवळच्या पुरुष नातलगाला, म्हणजे आपल्या पुतण्याला.

एकूण काय झाले? मुलींकडे ७०, चुलतीकडे १३, तिच्या सवतीकडे ६, पुतण्याकडे ७. ओली-एक्पेप्रमाणे ज्याला ९६ पैकी ९६ हवे होते त्याला इथे ७ मिळतात.

हा हिशेब पाहून इस्लामी कायद्याला शंभर गुण देऊन मोकळे व्हावेसे वाटते. जरा थांबायला हवे. मुलाला मुलीच्या दुप्पट हे तर उघड आहेच. पण बहुपत्नीत्वाची खरी किंमत त्या आठव्या हिश्शात लपली आहे. बायको एक असो की चार, हिस्सा आठवाच. म्हणजे नवऱ्याने दुसरी बायको केली की पहिलीचा वारसा निम्मा होतो, मुलांच्या वाट्याला धक्का न लागता. दुसऱ्या लग्नाचा खर्च, मेल्यानंतरचा, पहिली बायको भरते. इग्बो रूढीत सवत आली की मुलाची चढाओढ वाढते; इथे सवत आली की अपूर्णांकाचा छेद वाढतो.

शिवाय कागदावरचा हिस्सा आणि हातातला हिस्सा यांतले अंतर मुंबईकराने तरी विसरू नये. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुली कुराणातला हिस्सा मागत आल्या होत्या. हिरबाई विरुद्ध सोनबाई. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी साक्षी घेतल्या आणि निर्णय दिला की हे लोक मुसलमान असले तरी वारशाची त्यांची रूढी मुलींना वगळते, आणि रूढी सिद्ध झाली तर तीच चालेल. मुलींना पोटगी आणि लग्नाचा खर्च, बाकी काही नाही. कुराण हातात असलेल्या मुली हरल्या आणि व्यापाऱ्यांची वहिवाट जिंकली. १९३७ मध्ये शरियत कायदा आला तेव्हाही शेतजमीन त्यातून वगळली गेली, म्हणजे हिंदुस्थानात जी खरी दौलत तीच बाहेर राहिली. हिस्सा कुठल्या ग्रंथात लिहिला आहे यापेक्षा सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढते हे पाहण्याची सवय आपल्याला याच इतिहासाने लावली.

कोर्टात काय झाले

खालच्या कोर्टात पुतण्या हरला. तो एनुगूच्या अपील न्यायालयात गेला आणि १९९७ मध्ये तिथेही हरला. न्यायमूर्ती निकी टोबी यांनी मुख्य निकाल लिहिला, आणि तो दोन पायांवर उभा आहे. त्यातला एक पाय सगळ्यांनी उचलून धरला; दुसरा, ज्यावर घराचे खरे वजन होते, तो कोणी फारसा पाहिलाच नाही.

गाजला तो पहिला पाय. टोबी म्हणाले की ही रूढी स्त्रीपुरुषांत भेद करते, म्हणून ती नैसर्गिक न्याय, समता आणि सदसद्विवेक यांच्या विरुद्ध आहे. आपल्या काही रूढी आजच्या सभ्य जगाशी विसंगत आहेत हे समजायला बीजिंगपर्यंत जायला नको, असेही त्यांनी लिहिले. रोख १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेकडे होता. निकाल वर्तमानपत्रांत गाजला, कायद्याच्या वर्गांत शिकवला गेला, महिला संघटनांनी डोक्यावर घेतला.

‘न्याय, समता आणि सदसद्विवेक’ हा शब्दप्रयोग आपल्याला नवा नाही. एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये तो घातला होता: आधी सरकारचे कायदे, मग देशाची वहिवाट, मग प्रतिवादीचा कायदा, आणि यांतले काहीच नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. मुंबईत तो खड्डे बुजवायला आणलेला मुरूम होता. नायजेरियात त्याच मुरुमाचा धोंडा करून रूढीवर टाकता येतो. इंग्रजांनी एकच हत्यार दोन देशांत नेले आणि दोन कामांना लावले.

दुसरा पाय जमिनीचा. ज्या जमिनीवर घर उभे होते ती मुळात मोजेक्वूंची नव्हतीच. ती ओनित्शाच्या म्गबेलेकेके घराण्याची, आणि काकाकडे ती ‘कोला’ कुळवहिवाटीने आली होती. कोला म्हणजे त्या नावाच्या झाडाची कडवट बी. पाहुणा आला की कोला, करार झाला की कोला, देवाला कोला. आपला विडा-सुपारीचा मान तिथे कोलाला आहे. ‘जो कोला आणतो तो जीवन आणतो’ अशी इग्बो म्हणच आहे. परगावचा माणूस ओनित्शात आला, त्याने जमीनमालक घराण्याला कोला देऊन जागा मागितली, घराण्याने दिली; मग तो आणि त्याचे वारस तिथे राहू शकतात. इंग्रजांनी १९३५ मध्ये यावर कायदाही केला. न्यायालयाने म्हटले की वारसा ठरवायचा तो जमीन जिथे आहे तिथल्या कायद्याने, राहणाऱ्याच्या मूळ गावच्या रूढीने नाही. आणि या कोला-वहिवाटीत मुलींना मज्जाव नाही.

म्हणजे घर वाचवायला हा दुसरा पाय एकटा पुरेसा होता. न्नेवीची रूढी चांगली की वाईट हा प्रश्न निकालासाठी गरजेचाच नव्हता.

हीच गोष्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पकडली. तोवर चुलती हयात नव्हती. निकालावर प्रतिवादी म्हणून दुसऱ्याच बाईचे नाव आहे. पुतण्याचे अपील फेटाळले गेले, घर बायकांकडेच राहिले. पण न्यायमूर्ती उवायफो यांनी टोबींची कानउघाडणी केली. रूढी सदसद्विवेकाविरुद्ध आहे हा मुद्दा कोणत्याही पक्षाने मांडला नव्हता. पक्षकारांना न ऐकता न्यायमूर्तींनी तो स्वतःहून काढला. आणि भाषा इतकी सरसकट की स्त्रीला स्थान न देणाऱ्या सगळ्याच रूढींवर ती जाऊन आदळते, उद्या बाईला गावची मुखिया का नाही असेही कोणी विचारील.

पहिला आक्षेप मला पटतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा न्यायाधीशाचा मोह असतो, आणि समोरच्याला बोलू न देता त्याची रूढी रानटी ठरवणे तर त्याहून वाईट. दुसरा आक्षेप मात्र मला आक्षेप वाटत नाही. उद्या कोणी तसे विचारील, हो. विचारू दे की.

पण या दुरुस्तीमुळे चुलतीच्या विजयाचा आकार किती लहान झाला ते पाहा. ती जिंकली, कारण तिच्या नवऱ्याने घर ओनित्शात बांधले होते. तेच घर वीस-पंचवीस किलोमीटरवर, न्नेवीत, वडिलोपार्जित जमिनीवर असते तर २००४ च्या निकालाने तिला काही दिले नसते. ओनित्शाही काही बायकांचा स्वर्ग नाही. १९६३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ओनित्शाच्या रूढीबद्दल सांगितले होते की विधवा नवऱ्याच्या घरात कितीही वर्षे राहिली तरी राहण्याने मालक होत नाही. चुलतीला वाचवले ते कोणत्याही गावच्या औदार्याने नाही. ती अशा जमिनीवर उभी होती की जिथे तिच्या सासरच्यांची रूढी पोहोचत नव्हती.

टोबींनी दार ढकलून ठेवले होते एवढे मात्र खरे. २००० मध्ये न्नेवीच्याच दुसऱ्या एका खटल्यात त्यांनी न्राचीवरही तोच शिक्का मारला. आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले, ज्यांत ही बाब शेवटी सरळ समोर आली. एकात औका या इग्बो शहरातली एक विधवा होती, मुलगा नाही म्हणून घराबाहेर काढली जाणारी. न्यायमूर्ती क्लारा ओगुनबियी यांनी ती रूढी कडक शब्दांत फेकून दिली. दुसऱ्यात एक मुलगी बापाच्या मिळकतीत हिस्सा मागत होती. न्यायमूर्ती रोड्स-व्हिव्हर यांनी सदसद्विवेकाच्या जुन्या धोंड्याऐवजी राज्यघटनेचे भेदभावाला मनाई करणारे ४२ वे कलम हातात घेतले आणि मुलीला वगळणारी इग्बो रूढी घटनाबाह्य ठरवली. मुलगी कोणत्या परिस्थितीत जन्मली याने काही फरक पडत नाही, असेही स्पष्ट लिहिले. बहुपत्नीक घरांत, जिथे कोणती बायको रीतसर आणि कोणती नाही यावरूनच निम्मी भांडणे होतात, तिथे हे वाक्य फार दूर जाते.

हे खटले चालवणाऱ्या बायका कोण हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक शहराशी जोडलेल्या, कागद जपून ठेवलेल्या, वकील परवडणाऱ्या. गावात राहणाऱ्या विधवेला उमुन्नाच्या, म्हणजे भाऊबंदांच्या, विरोधात कोर्टात जायचे तर तिला उद्या त्याच लोकांत मरायचे असते, आणि इग्बो गावात मयताला कोणी न येणे ही मरणाहून मोठी शिक्षा. तिच्यासाठी २०१४ चा निकाल हा वाटाघाटीत पुढे सरकवायचा एक पत्ता असतो. कधी चालतो, कधी नाही.

व्हेन रोडच्या त्या घरापुरते बोलायचे तर हक्क टिकतो तो कोलाने सुरू झालेल्या नात्यावर. पण जुन्या इग्बो रिवाजात पुरुषांच्या बैठकीत कोला फोडायचा मान बाईला नाही. तिच्यापुढे कोला आणून दाखवतात, ती हात लावते आणि थाळी घरातल्या पुरुषाकडे सरकवते. पुरुष नसेल तर शेजारच्या एखाद्या मुलाला हाक मारतात.